घरच्या घरी चहाचा ट्रे: कडा सागाच्या, तळ प्लायचा

सुतारकाम शिकायचं ठरवलं की बरेच जण पहिल्याच रविवारी स्टूल करायला घेतात. स्टुलाला चार पाय, ते चारही एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत, आणि वर माणूस बसणार. पहिल्या कामाला हे फार झालं. त्यापेक्षा ट्रे बरा. चार पट्ट्या आणि एक तळ, एवढाच मामला. चुकलाच तर कांदे-बटाटे ठेवायला होतो, आणि जमला तर पाहुण्यांसमोर रोज मिरवता येतो.

इथे दिलेली पद्धत साधी आहे, पण कच्ची नाही. त्यात कबुतरशेपटी सांधे नाहीत, राउटर मशीन नाही, पंचेचाळीस अंशात कापलेले कोपरेही नाहीत. पंचेचाळीसचा कोपरा दिसायला सुरेख, पण हातकरवतीने चारही कोपऱ्यांत अचूक साधणं नवशिक्याचं काम नव्हे, आणि अर्ध्या अंशाची चूकही चौथ्या कोपऱ्यात फट होऊन बाहेर येते. शिवाय ट्रेची ताकद कोपऱ्यांत नसते, तळात असते. तळ चारही कडांना सलग चिकटला की कोपरे आपोआप जागेवर राहतात. हे एकदा पटलं की निम्मी धास्ती जाते.

आधी कपबशा मांडा, मग टेप काढा

माप दुकानातल्या ट्रेवरून घेऊ नका. ओट्यावर वर्तमानपत्र पसरा, घरातल्या सहा कपबशा दोन ओळींत मांडा आणि त्यांच्याभोवती पेन्सिलने चौकट आखा. नेहमीची बशी साधारण साडेपाच इंचांची असते. तीन बशा लांबीत म्हणजे साडेसोळा इंच, दोन रुंदीत म्हणजे अकरा. बोटं घालायला थोडी मोकळी जागा सोडली की आतली मोजमापं १७ × ११½ इंच होतात. पुढचा सगळा हिशेब याच मापावर आहे. तुमच्या घरी बशा नसतील आणि मगच असतील, तर ट्रे लहान होईल. तेवढे आकडे बदलून घ्या.

ट्रे ठेवणार कुठे तेही आत्ताच बघा. ट्रॉलीच्या फटीत उभा सरकवायचा असेल तर ती फट मोजा. रविवारी मिसळीच्या प्लेटा, रस्स्याची वाटी, पाव आणि वर ताकाचे ग्लास असं सगळं एका फेरीत न्यायचा बेत असेल, तर मोह आवरा. आपल्या नाशकात मिसळ गंभीरपणे घेतली जाते हे खरं, पण २० इंचांपेक्षा लांब ट्रे भरल्यावर मनगटाला झेपत नाही आणि दारातून नेताना चौकटीला लागतो. तर्री सांडली की लाकडावरचा डाग कायमचा.

मापं अशी. लांब पट्ट्या दोन, प्रत्येकी १७ इंच लांब, २ इंच उंच. आखूड पट्ट्या दोन, प्रत्येकी १२½ इंच लांब, २¾ इंच उंच. यांत मुठीची खाच येणार म्हणून त्या उंच. चारही पट्ट्यांची जाडी अर्धा इंच. लांब पट्ट्या आखूड पट्ट्यांच्या मध्ये बसतात, म्हणजे बाहेरून ट्रे १८ × १२½ इंच होतो. तळाचं प्लाय ६ मिलिमीटरचं, आणि ते मुद्दाम थोडं मोठं, १८¼ × १२¾ इंच घ्यायचं. वाढीव भाग नंतर घासून काढायचा आहे.

वखारीत जाण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्या. तिथे मिलिमीटरमध्ये फक्त प्लायची जाडी बोलतात. बाकी सगळं इंच आणि सुतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच जाडीची पट्टी हवी असेल तर ‘चार सुती’ म्हणा, समोरच्याला लगेच कळतं.

लाकूड

कडांसाठी सागवान घ्या. महाग आहे, पण आपल्याला लागतंय किती? तीन फूट दोन इंची पट्टी आणि अडीच फूट तीन इंची पट्टी, बस. वखारीत दारं-चौकटींच्या कामातून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, त्यात हे सहज निघतं. चार सुती जाडीला चिरून आणि रंधा मारून देता का, असं आधीच विचारा. बहुतेक ठिकाणी मशीनवर देतात, थोडे पैसे घेतात, आणि ते पैसे द्यावेत. नवशिक्याने हाताने रंधा मारून पाच फूट पट्टी एकसारखी करायची म्हणजे पूर्ण रविवार गेला.

तुकडा निवडताना घाई करू नका. साग कापला की आत सोनेरी-तपकिरी गाभा असतो आणि सालीकडच्या बाजूला फिकट, पांढुरकी कड. ती कड टाळा. पॉलिशनंतरही ती वेगळी दिसते आणि कीड आधी तिथेच लागते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून पिठासारखी पूड पडताना दिसली तर तो तुकडा फुकट दिला तरी नको. गाठ पट्टीच्या टोकाशी किंवा मुठीच्या जागी नको; मधे कुठे असेल तर चालेल, उलट शोभते. मग पट्टी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एक डोळा मिटा आणि कडेवरून नजर टाका. पीळ असेल तर लगेच दिसतो. किंचित कमान असली तर चालवून घेता येते, पीळ मात्र नाही, कारण पिळलेल्या पट्टीचा ट्रे टेबलावर डुगडुगतो.

जुन्या नाशकातले वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचं सागवान बाजारात येतं. तुळया, खांब, फळ्या. अनेक दशकं वाळलेलं हे लाकूड पावसाळ्यात फारसं फुगत नाही, रंगही गडद. मिळालं तर जरूर घ्या, फक्त आतले खिळे शोधून काढा. वरून डोकं गंजून गेलेलं असतं आणि आत दोन इंच लोखंड शिल्लक असतं. दोऱ्याला लोहचुंबक बांधून लाकडावरून सावकाश फिरवा. जिथे तो ओढला जाईल तिथे पेन्सिलने गोल करा. खिळा तसाच राहिला तर मशीनचं पातं जातं, आणि मग वखारीतला माणूस तुम्हाला परत दारात उभं करत नाही.

पेठ-सुरगाण्याकडे सागाचं जंगल आहे, त्यामुळे ‘गावाकडून काढून देतो’ म्हणणारा कुणी ना कुणी ओळखीत निघतोच. नको म्हणा. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि ओलं लाकूड ट्रेच्या कामाचं नाही. बिल देणारी वखार बरी.

साग परवडत नसेल तर पाइन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं येतात त्यांच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड भंगारवाल्यांकडे येतं. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का बघा. त्यात ‘एचटी’ अशी रोमन अक्षरं असतील तर लाकडाला उष्णता देऊन कीड मारलेली आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. खाण्याच्या वस्तूंजवळ ते लाकूड नको. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील, तरी नको. पाइन मऊ असतं, नखाने खूण पडते, पण कापायला सोपं, त्यामुळे हात बसवायला चांगलं.

तळासाठी भरीव फळी घ्यायचा विचार मनात येईल. तो सोडा. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळपास हलत नाही. बाराएक इंच रुंदीची फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकली, तर ती एक तर स्वतः तडकते किंवा कोपरे उघडते. नाशकात जुलैची हवा आणि एप्रिलची हवा यांत किती फरक असतो ते लोणच्या-पापडाच्या डब्यांना विचारा. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून ते हलत नाही, आणि बिनधास्त चिकटवता येतं.

प्लायवर आयएस ३०३ आणि बीडब्ल्यूआर असा शिक्का असेल ते घ्या. पाण्याला बऱ्यापैकी टिकतं. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ते आणखी चांगलं, पण एवढ्याशा तुकड्यासाठी आठ बाय चारचा अख्खा शीट कोण घेणार? पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, कुठेही नव्या इमारतीत फर्निचरचं काम चालू असतं. तिथल्या सुतारमामांना ‘मामा, सहा एमएमचा पावणेदोन बाय सव्वा फुटाचा तुकडा उरलाय का?’ असं विचारून बघा. उरलेला असतोच, आणि कशाला हवा हे सांगितलं तर सोबत दोन सल्लेही मिळतात. वरच्या बाजूला सागाचं व्हेनिअर, म्हणजे चिकटवलेला पातळ थर, असलेला तुकडा मिळाला तर कडांशी रंग जुळतो.

काही जण तळाला सनमायका लावतात. रोज दहा वेळा चहा होणाऱ्या घरात ते शहाणपणाचं आहे. गरम कप ठेवला तरी चट्टा पडत नाही. पण लावायचा तर दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलेलं सहा मिलिमीटरचं प्लाय महिन्याभरात धनुष्यासारखं वाकतं.

हत्यारं

बारीक दातांची हातकरवत, गुण्या (काटकोन आखायचं हत्यार), टेप, ड्रिल मशीन, २५ मिलिमीटरचा चपटा बिट, ३ आणि २ मिलिमीटरचे साधे बिट, अर्धगोल कानस, पटाशी, हातोडी. ड्रिल शेजाऱ्याकडून आणलं तरी चालेल. गुण्या मात्र स्वतःचा घ्या, आणि दुकानातच तपासा: सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. वर फाकल्या तर दुसरा मागा.

क्लॅम्प नसतील तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा आणि ती एक इंच रुंदीच्या लांब पट्टीत कापा. ताणून गुंडाळली की ती चारही कोपरे असे आवळते की साधे क्लॅम्प त्यापुढे झक मारतील. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरचे लागतील. फेविकॉल साधा एसएच नको, मरीन घ्या. ट्रे ओल्या फडक्याने पुसला जाणार आहे. बांबूच्या काड्या किराणा दुकानात कबाबसाठी मिळतात, तीन मिलिमीटर जाडीच्या बघून आणा. पितळी स्क्रू पाऊण इंची, चार नंबरचे, डझनभर. लोखंडी नकोत. सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी ओल्या लोखंडाची गाठ पडली की स्क्रूभोवती काळं कडं उमटतं आणि ते जात नाही.

तोंडावर मास्क लावा. सागाचा भुसा काहींच्या नाकाला आणि कातडीला झोंबतो, आणि लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांसाठी तशीही वाईट. पहिल्यांदा घासल्यावर हाताला खाज आली तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करा.

आखणी आणि कापणी

दोन सारख्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजू नका. एक मोजून कापा आणि दुसरीवर ती ठेवून आखा. टेपची कडी सैल असते, नजर तिरकी पडते. पट्टीवर पट्टी ठेवली की चुकायला जागाच उरत नाही. दोन लांब पट्ट्या तंतोतंत सारख्या असणं हे १७ इंच बरोबर असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दोन्ही १६ इंच ७ सूत झाल्या तर कुणाला कळणार नाही. एक १७ आणि दुसरी सूतभर कमी झाली तर ट्रे तिरका.

रेघ चारही बाजूंनी फिरवून घ्या आणि करवत रेघेवर नको, रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवा. सुरुवातीला करवत दोनतीनदा स्वतःकडे ओढून खाच पाडा, मग लांब हात मारा. शेवटच्या अर्ध्या इंचात वेग कमी करा आणि लोंबणारा तुकडा डाव्या हाताने पेला, नाहीतर तो मोडून पडताना चांगल्या बाजूची चिरफळी घेऊन जातो. प्लाय कापताना रेघेवर चिकटपट्टी लावून त्यावरून कापलं तर कड दातरी होत नाही.

आता मुठी. आखूड पट्टीचा मध्य ६¼ इंचावर. वरच्या कडेपासून सव्वा इंच खाली एक आडवी रेघ मारा आणि मध्यापासून दोन्हीकडे दीड-दीड इंचावर खुणा करा. या दोन खुणांवर २५ मिलिमीटरची भोकं पाडायची. मधला भाग कापून काढला की चार इंच लांब, एक इंच उंच खाच तयार होते. चार बोटं मावतात. वर पाऊण इंच लाकूड राहतं, तेवढं भरपूर.

भोक एका बाजूने आरपार पाडू नका. चपट्या बिटाचं मधलं टोक मागच्या बाजूने डोकावेपर्यंतच दाबा. आवाज बदलतो, ड्रिल हलकं जातं, आणि मागे सुईएवढं टोक दिसतं. तिथे थांबा. पट्टी उलटवा, त्याच टोकाच्या भोकात बिट टेकवा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने पाडा. आरपार गेलात तर मागच्या बाजूला लाकडाची नस, म्हणजे उभे धागे, उपटून येते, आणि ट्रे उचलताना बोटं नेमकी तिथेच लागतात.

दोन भोकांच्या मधला भाग जिगसॉने किंवा बारीक करवतीच्या पात्याने काढा आणि कानशीने खाच सरळ करा. मग कडा गोल करायच्या, आणि इथे कंजुषी नको. ८० नंबरचा कागद बोटाला गुंडाळून आतून-बाहेरून फिरवत राहा. डोळे मिटून मूठ धरा. टोचलं तर अजून घासा. विकतच्या कित्येक ट्रेंमध्ये हाच भाग घाईत केलेला असतो.

जोडण्याआधी चारही पट्ट्यांच्या आतल्या बाजू आणि तळाची वरची बाजू १८० नंबरपर्यंत घासून घ्या. जोडल्यावर आतल्या कोपऱ्यात कागद नीट जात नाही. व्हेनिअरचं प्लाय असेल तर त्यावर ८० नंबर अजिबात नको. वरचा थर कागदाइतका पातळ असतो आणि दहा हातांत खालचं लाकूड उघडं पडतं.

चौकट जोडणं

घरातली सगळ्यांत सपाट जागा म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा. स्वयंपाक आटोपल्यावर तो ताब्यात घ्या आणि वर प्लॅस्टिक पसरा, म्हणजे फेविकॉल ओट्याला चिकटून घरात भांडण होणार नाही.

साग तेलकट असतो, म्हणून जोडायच्या जागा थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. थिनर उडाला की लगेच फेविकॉल लावा. गॅस बंद आहे ना, बघा. लांब पट्टीचं टोक म्हणजे कापलेल्या नसांची तोंडं. ती फेविकॉल पिऊन टाकतात. तिथे आधी एक पातळ हात लावा, पाचेक मिनिटं थांबा, मग दुसरा. आता चौकट मांडा, चारही पट्ट्यांच्या खालच्या कडा ओट्याला टेकलेल्या असू द्या, आणि ट्यूब गुंडाळा. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, म्हणजे रबराचे वळ उठत नाहीत.

मग कर्ण मोजा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, बाहेरून बाहेर. मग दुसरा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. आपल्या मापाला ते २१ इंच ७ सुतांच्या किंचित पुढे येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक कर्ण मोठा असेल तर त्या दोन कोपऱ्यांना हाताच्या तळव्यांनी आत दाबा, पुन्हा मोजा. फेविकॉल धरायला लागेपर्यंत दहाएक मिनिटं असतात आणि सगळ्या कामात हीच दहा मिनिटं मोलाची. फोन बाजूला ठेवा.

बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा, विशेषतः आतल्या कोपऱ्यांतला. वाळल्यावर तो दिसत नाही. पॉलिश मारलं की फिकट डाग होऊन उमटतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या खुंट्या. आखूड पट्टीच्या बाहेरच्या बाजूने, टोकापासून पाव इंच आत, खालून अर्ध्या आणि दीड इंचावर अशी प्रत्येक कोपऱ्यात दोन भोकं, तीन मिलिमीटरची, दीड इंच खोल. बिटाला दीड इंचावर चिकटपट्टी गुंडाळा, तीच खोलीची खूण. भोकात फेविकॉलचा थेंब, काडीचं टोक थोडं निमुळतं करून हातोडीने हलके ठोका. आवाज बद्द झाला की तळ गाठला. उरलेली काडी करवतीने कापा आणि घासून सपाट करा. स्क्रू इथे मला आवडत नाही: कापलेल्या नसांत त्याची पकड कमी, आणि डोकं झाकायला पुट्टी भरावी लागते. बांबू चिवट असतो, आणि सागावर त्याचे फिकट ठिपके चांगले दिसतात.

तळ

चौकट उलटी ठेवा. खालच्या कडा एका पातळीत नसतील तर सपाट फरशीवर ८० नंबरचा कागद पसरून चौकटच त्यावर गोल-गोल घासा. कडांवर आधी पेन्सिलने रेघोट्या मारून ठेवा. सगळ्या पुसल्या गेल्या की पातळी आली.

कडांना सलग फेविकॉल लावून प्लाय चांगली बाजू खाली करून ठेवा, चारही बाजूंनी सूतभर बाहेर येईल असं. वर गव्हा-तांदळाचे भरलेले डबे चढवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बाहेर आलेली कड कानशीने आणि ८० नंबरने चौकटीबरोबर आणा. कानस बाहेरून आतल्या दिशेला चालवा, उलटी चालवली तर प्लायचे थर सुटतात. मग खालून चार-पाच इंचांवर पितळी स्क्रू, कडेपासून पाव इंच आत. प्रत्येकाला आधी दोन मिलिमीटरचं भोक. भोकाशिवाय स्क्रू पिळला तर अर्ध्या इंचाचा साग टचकन फाटतो. पितळी स्क्रू मऊ असतो, आधी लोखंडी फिरवून काढला आणि मग पितळी बसवला तर डोक्याची खाच झिजत नाही.

घासणं आणि पॉलिश

बाहेरून १२०, १८०, २४०. नेहमी नसेच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशखाली काचेतून पाहिल्यासारखे दिसतात. बाहेरच्या सगळ्या धारा थोड्या बोथट करा. मग ओल्या फडक्याने ट्रे पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे केस उभे राहतात, हाताला खरखर लागते. आता २४० ने हलका हात. हे आत्ता केलं नाही तर पॉलिशचा पहिला हात हेच करतो.

घरातलं गोडं तेल चोळून पॉलिश करायचा सल्ला बरेच जण देतात. ऐकू नका. शेंगदाणा, खोबरेल, मोहरी, कुठलंही असो, ते वाळत नाही. चिकट राहतं आणि काही आठवड्यांत खवट वास मारतं. हार्डवेअरमध्ये मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल वाळतं, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंची रसायनं घातलेली असतात. ते कपाटाला ठीक.

लाखेचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, रंग फार देखणा देतं. देवघरातल्या ट्रेला, हळदीकुंकवाच्या वाणाला ते लावा. चहाच्या ट्रेला नाही, कारण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं.

मग उरतात दोन पर्याय. पहिला, मेण आणि लिक्विड पॅराफिन. लिक्विड पॅराफिन औषधाच्या दुकानात पोट साफ होण्यासाठी विकतात, तेच. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण, वजनाने, पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवा. थेट आचेवर नको. थंड झाल्यावर मलमासारखं होतं. फडक्याने चोळा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हात मऊ, वास छान, फळं किंवा भाकरी थेट ठेवली तरी हरकत नाही. पण गरम कपाचे डाग पडतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चोळावं लागतं.

दुसरा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. रोजच्या चहाला माझं मत यालाच. पाण्यावर चालणारा मिळाला तर घरात वासही कमी. मऊ ब्रशने पातळ हात द्या. जाड दिला की कोपऱ्यात ओघळ साठतो. वाळला की ३२० ने अगदी हलकं घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, दुसरा हात. असे तीन. प्लायच्या उघड्या कडेला एक हात जास्त, कारण पाणी शिरायची ती पहिली जागा. खालची बाजूही सोडू नका, ओल्या ओट्यावर टेकणार आहे ती तीच. वरून एका दिवसात वाळल्यासारखं वाटतं, पण पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर गरम काही ठेवू नका.

वेळ निवडायची मुभा असेल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत पॉलिश करा. हवा कोरडी, दिवसा ऊन. भल्या पहाटेच्या थंडीत ब्रश चालत नाही, ऊन वर आल्यावर सुरू करा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर उडालेला भुसा सगळा ट्रेवर येऊन बसतो. पावसाळ्यातच करायचं असेल तर लाख आणि मेलामाइन (फर्निचरचं तयार पॉलिश) टाळा; दमट हवेत त्यांवर दुधाळ झाक येते. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी तर जुलै-ऑगस्टमध्ये फक्त कापणी-जोडणी करावी आणि पॉलिश पुढे ढकलावं.

कुठलंही वाळणारं तेल वापरलंत तर ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळवा, मग फेका.

वापरताना

तळाला चार कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या चिकटवा. ओट्यावरून उचलताना खाली बोटं जातात आणि ट्रे घसरत नाही. डुगडुगत असेल तर उंच कोपऱ्यातल्या टिकलीखाली पुठ्ठ्याची चकती घाला.

सिंकमध्ये भिजत ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने, आणि उभा करून ठेवा. मेणाच्या ट्रेवर पांढरं वर्तुळ पडलं तर २४० ने तेवढीच जागा घासून पुन्हा मेण चोळा, दहा मिनिटांचं काम. पीयूला चरा पडला आणि लाकूड दिसायला लागलं तर थांबू नका. तिथून पाणी शिरून प्लाय फुगण्याआधी ३२० ने घासून एक हात मारा. मूठ धरताना कोपऱ्यात करकर ऐकू आली तर तळाचा त्या बाजूचा स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावलेली टूथपिक घालून मोडा, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळा.

उरलेल्या सहाएक इंच सागाचा आणि प्लायच्या तुकड्याचा गरम भांड्याखाली ठेवायचा पाट होतो. त्याला पॉलिश लावायची गरज नाही.